चिडलेला, चिडचिडा, चिडखोर: कोणता शब्द कधी वापरावा

नव्याने मराठी शिकणारा माणूस स्वतःचा राग सांगायला लवकर शिकतो. ‘मला राग आला’ एवढे एक वाक्य त्याला बरेच दिवस पुरते. अडचण येते ती दुसऱ्याचा स्वभाव सांगताना. ज्याला सारखा राग येतो, क्षुल्लक कारणावरून येतो, ज्याच्याशी बोलायला जायचे तर आधी त्याचा चेहरा बघावा लागतो, अशा माणसाला काय म्हणायचे? शब्दकोश उघडला तर चिडखोर, चिडका, चिडचिडा, रागीट, तापट, तिरसट, संतापी, शीघ्रकोपी असे शब्द रांगेने समोर येतात, आणि बऱ्याचदा एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला असतो. बोलताना मात्र ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आजाऱ्याला तापट म्हटले की ऐकणारा चमकतो, आणि किरकिर करणाऱ्या तान्ह्या बाळाला शीघ्रकोपी म्हटले की हसतो.

या लेखात ‘चिडखोर’ हा शब्द मध्ये धरला आहे आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द त्याच्या आधाराने लावून घेतले आहेत. मराठी नव्याने बोलणाऱ्यांना याचा उपयोग होईलच. ज्यांची मातृभाषा मराठी आहे पण लिहायला नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्याही बऱ्याच शंका याच शब्दांपाशी अडतात.

पहिली पायरी: आज, हल्ली की मूळचाच?

शब्द शोधायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. ज्या माणसाबद्दल बोलायचे आहे तो आज चिडला आहे, हल्ली चिडायला लागला आहे, की पहिल्यापासून तसाच आहे? मराठीत या तिन्हींसाठी वेगळी रूपे आहेत आणि ती एकाच धातूपासून निघाली आहेत.

आज चिडला असेल तर तो ‘चिडलेला’. ‘बाबा आज चिडलेले आहेत, उद्या विचार.’ राग ओसरला की शब्दही गळून पडतो.

हल्ली चिडायला लागला असेल तर ‘चिडचिडा झाला आहे’ किंवा ‘त्याची चिडचिड वाढली आहे’. झोप नाही, काम साचले आहे, अंगात कणकण आहे, परीक्षा तोंडावर आली आहे, असे काहीतरी मागे असते. बोलणाऱ्यालाही हे दिवस जातील असे वाटत असते.

पहिल्यापासूनच तसा असेल तर ‘चिडखोर’. हा शब्द माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतो. ‘तो मूळचाच चिडखोर’, ‘जात्याच चिडखोर’ ही वाक्ये सहज ओठांवर येतात.

शंका असेल तर वाक्यात ‘आज’ घालून पाहा. ‘आज तो चिडलेला आहे’ बरोबर बसते. ‘आज तो चिडखोर आहे’ कानाला खटकते, कारण स्वभाव एका दिवसापुरता नसतो. मग ‘हल्ली’ घाला: ‘हल्ली ती चिडचिडी झाली आहे’ हे कोणीही म्हणेल. ‘हल्ली ती चिडखोर झाली आहे’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते जड आहे. माणूस आतूनच बदलला असे त्यातून कळते, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याला एवढे म्हणायचे नसते.

सीमारेषा अगदी काटेकोर नाही, हेही सांगायला हवे. ‘चिडचिडा स्वभाव’ असे लोक म्हणतातच, आणि तिथे तो शब्द स्वभावाचाच असतो. पण ‘चिडखोर’ मात्र उलट दिशेने सरकत नाही. तो तात्पुरत्या रागासाठी वापरता येत नाही. म्हणून नवख्याने एक सवय लावून घ्यावी: खात्री नसेल तेव्हा ‘चिडचिड’ किंवा ‘चिडलेला’ वापरावे, आणि माणसाला पुरेसे ओळखल्यावरच ‘चिडखोर’ म्हणावे. मुलांच्या बाबतीत तर मी हे आग्रहाने सांगेन. पाच वर्षांच्या मुलाला घरात रोज ‘चिडखोर आहे तो’ असे ऐकू येत असेल, तर ज्या रागाचे कारण शोधायला हवे होते तो राग सगळ्यांच्या दृष्टीने त्याचा स्वभाव होऊन बसतो, आणि कारण कोणी शोधत नाही.

दुसरी पायरी: शब्द कसा बनला आहे ते पाहा

‘खोर’ हा प्रत्यय फारसीतून आला. मूळ अर्थ ‘खाणारा’. ‘लाचखोर’ या शब्दात तो अर्थ अजून उघड दिसतो, कारण मराठीत लाच खाल्लीच जाते. पुढे ‘खाणारा’ हा अर्थ मागे पडला आणि ‘त्या गोष्टीची खोड असलेला’ हा अर्थ राहिला: भांडखोर, चहाडखोर, दंगेखोर, नफेखोर, युद्धखोर. यादीवर नजर टाकली तर कळते की ही सगळी दोषांची नावे आहेत. अपवादासारखा एकच शब्द चटकन आठवतो, तो ‘बंडखोर’. साहित्याच्या चर्चेत तो कौतुकानेही वापरतात. ‘चिडखोर’ला तशी सवलत मिळालेली नाही. तो प्रेमाने म्हटला जातो, गमतीने म्हटला जातो, पण त्यात उणिवेचा सूर राहतोच.

हा प्रत्यय वाटेल त्या शब्दाला जोडता येत नाही. ‘रागखोर’ किंवा ‘संतापखोर’ असे शब्द तर्काने बरोबर वाटतील, पण मराठीत ते चालत नाहीत. रागाला ‘रागीट’ आहे आणि संतापाला ‘संतापी’.

‘चिडका’ मधला ‘का’ वेगळा आहे. तो धातूला लागून सवय दाखवतो: रडणे-रडका, मारणे-मारका (बैल), बोलणे-बोलका. ‘बोलका चेहरा’ ही स्तुती आहे, म्हणजे प्रत्ययात स्वतःहून वाईट काही नाही. ‘चिडका’ हा शब्द मुलांच्या जगातला आहे. खेळात आउट झाल्यावर बॅट टाकून जाणारा तो चिडका. ‘चिडका बिब्बा’ हे चिडवणे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी आहे. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड उठतात, तेव्हा ही जोडी ऐकताक्षणी पटते. मोठ्या माणसाला ‘चिडका’ म्हणणे म्हणजे तो पोरकटपणे चिडतो असे म्हणणे. कार्यालयातल्या वरिष्ठांबद्दल लिहिताना हा शब्द टाळावा, घरात भावंडांत खुशाल वापरावा.

तिसरा प्रकार द्विरुक्तीचा. चिडचिड, किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, धुसफूस: अक्षरे दोनदा येतात तशी ती क्रियाही पुन्हा पुन्हा, थोडी थोडी होत राहते. ‘चीड’ एकदा आली तर तो राग. ती दिवसभर ठिबकत राहिली तर चिडचिड. या गटात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. तान्हे बाळ किरकिर करते. नाखुशीने काम करणारा कुरकुर करतो. एकच मागणी रडक्या सुरात लावून धरणारा पिरपिर करतो. दोन माणसांत न बोलता साचलेला राग ही धुसफूस. चिडचिडीत मात्र राग उघड असतो, फक्त मोठा नसतो.

तिसरी पायरी: क्रियापद आणि विभक्ती

नवखा माणूस सर्वांत जास्त इथे चुकतो, म्हणून इथे थोडे थांबू.

ज्या माणसावर राग निघतो त्याला ‘वर’ लागते आणि ज्या कारणाने राग येतो त्याला ‘वरून’: ‘ती माझ्यावर चिडली’, पण ‘ती किल्लीवरून चिडली’. दोन्ही एका वाक्यात आणता येतात: ‘ती किल्लीवरून माझ्यावर चिडली.’ सवयीने चिडणाऱ्याचे वर्णन करताना ‘वरून’ फार कामाला येते, कारण कारणे किती लहान आहेत तेच तर दाखवायचे असते. ‘दार जोरात लागले, त्यावरून चिडला. दार उघडे राहिले, त्यावरूनही चिडला.’ हिंदीतून येणारे ‘माझ्याशी चिडतो’ म्हणतात, ते मराठीत बसत नाही.

यानंतरची जोडी नीट पाहावी, कारण तिच्यात बरेच काही दडलेले आहे. ‘चिडचिड करणे’ आणि ‘चिडचिड होणे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ‘तू फार चिडचिड करतोस’ म्हटले की समोरच्यावर आरोप होतो. ‘तुझी फार चिडचिड होते आहे’ म्हटले की त्याला होणारा त्रास दिसतो. करणारा तोच, राग तोच, पण दुसऱ्या वाक्यात बोलणारा त्याच्या बाजूला येऊन उभा राहिलेला असतो. जो दमून घरी आला आहे त्याला पहिले वाक्य ऐकवले तर भांडण होते. दुसरे ऐकवले तर तो बहुधा खुर्चीत बसतो आणि काय झाले ते सांगतो. स्वतःबद्दल बोलतानाही ‘माझी चिडचिड होते आहे, थोडा वेळ दे’ हे वाक्य शिकून ठेवावे. फारच उपयोगी आहे.

‘चीड’ आणि ‘चिडचिड’ यांची गल्लत करू नये. चीड येते, चिडचिड होते. ‘मला चीड येते’, पण ‘माझी चिडचिड होते’. अर्थातही मोठे अंतर पडले आहे. ‘अन्यायाची चीड’, ‘खोटेपणाची चीड’ असे आपण म्हणतो आणि त्यात माणसाच्या नीतीचा आदर असतो. ‘अन्यायाची चिडचिड’ असे कोणी म्हणत नाही. एकाच धातूपासून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक मोठ्या गोष्टींकडे गेला आणि दुसरा रोजच्या बारीकसारीक गोष्टींकडे. अग्रलेखात ‘जनतेची चीड’ लिहायचे असते. तिथे ‘जनतेची चिडचिड’ लिहिले तर लोकांचा प्रश्नच क्षुल्लक ठरतो.

‘चिडवणे’ हे रूप पाहून ते ‘चिडायला लावणे’ असेल असे वाटते. व्याकरणाने तसेच आहे, वापरात नाही. ‘त्याने मला चिडवले’ म्हणजे त्याने माझी थट्टा केली. मला राग आणला असे म्हणायचे असेल तर ‘त्याने मला चिडायला लावले’ म्हणावे. मुद्दाम टोचून राग आणला असेल तर ‘डिवचले’ हा नेमका शब्द आहे. चिडखोर माणसाला लोक चिडवतात. वाईट लोक त्याला डिवचतात.

‘रागावणे’ची एक गंमत जाता जाता. ‘आई माझ्यावर रागावली’ म्हणजे तिच्या मनात राग आहे. ‘आई मला रागावली’ म्हणजे ती मला बोलली. एका विभक्तीने मनातला राग बाहेर येतो.

चौथी पायरी: शेजारचे शब्द

‘तापट’ माणूस लवकर तापतो आणि तापला की मोठा आवाज होतो. त्याचा राग जोराचा असतो, वारंवार असेलच असे नाही. चिडखोराचा राग लहान असतो आणि येत-जात राहतो. ‘रागीट’ मध्ये थोडा धाक आहे. रागीट डोळे, रागीट मास्तर. ‘संतापी’ त्याहून भडक.

‘शीघ्रकोपी’ हा ग्रंथातला शब्द. ज्याला क्षणात कोप येतो तो. शकुंतलेला शाप देणारे दुर्वास हे त्याचे ठरलेले उदाहरण, आणि कोणी भडकला की ‘दुर्वासाचा अवतार’ किंवा ‘जमदग्नीचा अवतार’ असे मराठीत अजून म्हणतात. या दोघांना चिडचिडे म्हणता येणार नाही. त्यांचा राग मोठा होता आणि त्याला परिणाम होते. चिडचिडीने काही घडत नाही, फक्त आसपासची माणसे दमतात.

‘तिरसट’ शब्दात राग बोलण्यातून दिसतो. साध्या प्रश्नाला तिरके, तोडून टाकणारे उत्तर देणारा तो तिरसट. म्हणून ‘तिरसट उत्तर’ म्हणता येते. ‘चिडखोर उत्तर’ कोणी म्हणत नाही. ‘तुसडा’ माणूस इतरांना जवळ येऊ देत नाही. ‘त्रासिक’ हा शब्द चेहरा आणि आवाज यांना लागतो: ‘त्रासिक चेहऱ्याने दार उघडले’. ‘फटकळ’ला या रांगेत चुकून घेतात. फटकळ माणूस मनात येईल ते तोंडावर बोलतो, पण तो रागावलेला असेलच असे नाही. कित्येक फटकळ माणसे हसतमुख असतात. ‘कडक’ म्हणजे शिस्तीचा, त्याचाही रागाशी थेट संबंध नाही.

या शब्दांच्या वाटणीत एक अन्याय आहे आणि लिहिणाऱ्याने त्याकडे डोळेझाक करू नये असे मला मनापासून वाटते. पुरुषाला ‘तापट’ म्हटले की पाठोपाठ ‘पण मनाचा चांगला’ असे जोडले जाते. तसाच स्वभाव बाईचा असला की तिच्या वाट्याला ‘कजाग’, ‘खाष्ट’, ‘आक्रस्ताळी’ हे शब्द येतात आणि ‘पण’ येत नाही. पुरुष खेकसतो, डाफरतो, बाई ‘फणकारते’. शब्द हातात येईल तसा वापरण्याआधी, हेच वागणे दुसऱ्याचे असते तर मी कोणता शब्द वापरला असता, एवढे तपासून घ्यावे.

वाक्प्रचारांच्या बाबतीत एक सूचना. रागाचे वाक्प्रचार मराठीत भरपूर आहेत, पण त्यातले बहुतेक एका प्रसंगाचे आहेत. तळपायाची आग मस्तकाला जाते, अंगाचा तिळपापड होतो, नाकाला मिरच्या झोंबतात, पित्त खवळते, ते कोणीतरी काहीतरी केले किंवा बोलले म्हणून, त्या क्षणी. ‘त्याच्या अंगाचा नेहमी तिळपापड होतो’ हे वाक्य म्हणून ओढूनताणून आणलेले वाटते. सवयीच्या रागासाठी मुख्य वाक्प्रचार एकच: ‘राग नाकावर असणे’, किंवा ‘नाकाच्या शेंड्यावर राग असणे’. राग आत कुठे शोधावा लागत नाही, तो कायम पुढेच बसलेला असतो. ‘नाकावर माशी बसू न देणे’ त्याच्या जवळचा आहे, पण त्यात मानीपणा अधिक, चिडकेपणा कमी.

पाचवी पायरी: लिहिताना आणि उच्चारताना

‘चीड’ मध्ये ‘ची’ दीर्घ. मराठी अकारान्त (‘अ’ने संपणाऱ्या) शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार दीर्घ लिहायचा हा नियम इथे लागू होतो. प्रत्यय लागून शब्द वाढला की तोच इकार ऱ्हस्व होतो: चिडीने, चिडीला. राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत हे आले आहे. बाकी सगळीकडे ‘चि’ ऱ्हस्वच: चिडणे, चिडका, चिडखोर, चिडचिड, चिडचिडा.

‘ड’च्या जागी ‘ढ’ नको. ‘चिढणे’ हे हिंदीच्या सवयीने लिहिले जाते. नुक्ताही (अक्षराखालचा ठिपका) नको. च चिमणीतला उच्चारावा, चोरातला नव्हे.

‘पणा’ लावताना आकारान्त विशेषणाचा शेवट ‘ए’ होतो: मोठा-मोठेपणा, वेडा-वेडेपणा, तसेच चिडका-चिडकेपणा, चिडचिडा-चिडचिडेपणा. ‘चिडचिडापणा’ चूक. ‘चिडखोर’ आणि ‘तिरसट’ यांत बदल करायचा नसतो: चिडखोरपणा, तिरसटपणा. हीच गोष्ट लिंगाची. चिडखोर मुलगा, चिडखोर मुलगी, चिडखोर मूल. शब्द हलत नाही. चिडका मात्र हलतो: चिडकी, चिडके, चिडक्या मुलाला. नाम म्हणून चिडचिड स्त्रीलिंगी आणि चिडचिडेपणा पुल्लिंगी, म्हणून ‘त्याची चिडचिड’ पण ‘त्याचा चिडचिडेपणा’.

सहावी पायरी: विशेषण न वापरता स्वभाव दाखवा

गोष्ट, व्यक्तिचित्र किंवा साधे पत्र लिहिताना ‘तो फार चिडखोर होता’ असे लिहून पुढे गेलो तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. मराठी क्रियापदातच सवय दाखवायची सोय आहे, ती वापरावी. भूतकाळातली सवय बोलीत ‘चिडायचा’ होते, लेखनात ‘चिडत असे’, आणि जुन्या वळणाच्या गद्यात नुसते ‘चिडे’. ‘आजोबा वर्तमानपत्राची घडी मोडलेली दिसली की चिडत.’ या वाक्यात आजोबांचा स्वभाव आहे, घरातली रोजची सकाळ आहे आणि ‘चिडखोर’ हा शब्द कुठेही नाही.

वर्तमानकाळासाठी क्रियाविशेषणे मदतीला येतात: ऊठसूट, येता-जाता, कारण नसताना, जरा काही झाले की, सरळ विचारले तरी. ‘ऊठसूट चिडतो’ हे दोन शब्द ‘अत्यंत चिडखोर स्वभावाचा आहे’ या लांबलचक वाक्यापेक्षा जास्त सांगतात.

एक नमुना पाहू.

‘दादा, माझा चार्जर पाहिलास का रे?’ मुक्ताने विचारले.

‘मी काय तुझ्या चार्जरवर पहारा ठेवून बसलोय?’ दादा खेकसला.

मुक्ता काही बोलली नाही. त्याला काही विचारायचे असले की ती आधी आईकडे बघायची. आईने मान हलवली तरच विचारायची. आज विसरली होती.

दादाचा राग इथे फक्त एका वाक्यात आहे, आणि तेवढ्यावरून तो आज चिडला आहे की नेहमीच चिडतो ते ठरवता येणार नाही. ते ठरते मुक्ताच्या सवयीने. ‘बघायची’, ‘विचारायची’ ही दोन रूपे आली आणि हे घर अनेक दिवसांपासून असे चालले आहे हे कळले. चिडखोर माणसाचे वर्णन करायचे असेल तेव्हा त्याच्या भोवतालची माणसे काय काय टाळायला शिकली आहेत ते लिहावे.

‘खेकसला’च्या जागी दुसरे क्रियापद ठेवून पाहिले तर दादा बदलतो. ‘करवादला’ लिहिले तर त्याचा आवाज कातावलेला, थकलेला होतो. ‘डाफरला’ लिहिले तर तो वडीलधारेपणा गाजवतो. ‘वैतागून म्हणाला’ लिहिले तर दोष निम्मा कमी होतो, कारण वैतागाला काहीतरी कारण असते असे आपण धरून चालतो.

सातवी पायरी: तोंडावर काय म्हणायचे

बरोबरीच्या मित्राला ‘किती चिडखोर आहेस रे तू!’ म्हणता येते आणि त्यात जिव्हाळा असतो. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही चिडखोर आहात’ असे तोंडावर कोणी म्हणत नाही, आणि पाठीमागेही शब्द मऊ करून घेतात: ‘काकांना पटकन राग येतो’, ‘आत्याबाई जरा तापट आहेत’, ‘आजोबा हल्ली लवकर चिडतात’. ‘जरा’ हा शब्द इथे आदराचे काम करतो. साहेबांबद्दल सहकाऱ्यांत ‘आज साहेब तापलेत’ एवढेच बोलले जाते. बोलणे आजच्या दिवसापुरते ठेवले की ते कानावर गेले तरी निभावते.

डॉक्टरांसमोर मात्र भिडेपोटी शब्द मऊ करू नये आणि स्वभावाचे लेबलही लावू नये. ‘आई चिडखोर आहे’ असे सांगितले तर डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. ‘आईची गेल्या महिन्यापासून चिडचिड वाढली आहे, आधी ती अशी नव्हती’ असे सांगितले तर ते लक्षण होते. वैद्यकात चिडचिडेपणा हे खरोखरच लक्षण आहे. अपुरी झोप, सततचे दुखणे, थायरॉइड ग्रंथीने प्रमाणाबाहेर काम करणे, रक्तातली साखर उतरणे, तंबाखू नुकतीच सोडलेली असणे, नैराश्य, अशा अनेक गोष्टी त्यामागे असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या नैराश्याचे निकष देताना, उदास मनःस्थितीच्या जागी चिडचिडी मनःस्थिती असू शकते असे म्हटले आहे. म्हणजे न रडणारा, फक्त सगळ्यांवर खेकसणारा पंधरा वर्षांचा मुलगा आतून खचलेला असू शकतो.

लहान बाळांच्या बाबतीत हा शब्द आणखी महत्त्वाचा होतो. जुलाब होणाऱ्या बालकाच्या शरीरातले पाणी कमी झाले आहे का हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात जी लक्षणे दिली आहेत, त्यांत बालक अस्वस्थ आणि चिडचिडे असणे हे एक आहे. सोबत डोळे खोल जाणे, अधाशासारखे पाणी पिणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश सपाट होणे ही लक्षणे पाहतात. अशा वेळी ‘हा आहेच किरकिरा’ म्हणून सोडून देणे धोक्याचे. तापात बाळ काही केल्या शांत होत नसेल, कडेवर घेतले तरी जास्तच रडत असेल, तर ‘चिडचिड करतंय, कालपर्यंत असं नव्हतं’ हे वाक्य जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावे आणि वेळ न घालवता सांगावे.

थोडा सराव

खालची वाक्ये दुरुस्त करून पाहा.

‘परीक्षेमुळे ताई आज चिडखोर आहे.’ इथे ‘आज’ आणि ‘चिडखोर’ जुळत नाहीत. ‘परीक्षेमुळे ताईची आज चिडचिड होते आहे.’

‘भ्रष्टाचार पाहून माझी चिडचिड होते.’ खासगीत कोणी थकून असे म्हणेलही, पण लेखात ‘भ्रष्टाचार पाहून मला चीड येते’ असे हवे.

‘मुलाने मला चिडवले म्हणून मी त्याला मारले.’ वाचणाऱ्याला वाटेल, मुलाने थट्टा केली. राग आणला असे म्हणायचे असेल तर ‘मला चिडायला लावले’. मारण्याचे समर्थन मात्र दोन्ही वाक्यांत होत नाही.

‘त्याच्या चिडचिडापणामुळे सगळे माझ्याशी चिडतात.’ दोन दुरुस्त्या: ‘चिडचिडेपणामुळे’ आणि ‘माझ्यावर’.

‘सासूबाई खाष्ट आणि सासरे तापट आहेत.’ व्याकरणाने वाक्य निर्दोष आहे. पण दोघांच्या एकेका प्रसंगाचे वर्णन कागदावर लिहून पाहा, आणि मग दोघांना एकच विशेषण लावता येते का ते ठरवा.